पान एकतीसवरची सुनीता

विमानकंपनीच्या पर्यावरण अहवालाचा मसुदा बुधवारी दुपारी आम्रपाली ओव्हाळकडे तपासायला आला. एकतिसावं पान उघडलं, तर तिची आत्याच तिच्याकडे बघून हसत होती.

आधी तिला वाटलं, कोणीतरी आत्यासारखी दिसणारी असेल. मग हनुवटीवरचं गोंदण दिसलं, पुढचा अर्धा तुटलेला दात दिसला. अंगावर कधी न पाहिलेली हिरवी साडी होती, समोर चकचकीत शेगडी. खाली इंग्रजीत लिहिलं होतं : ‘ही सुनीता, चार मुलांची आई. आमच्या प्रवाशांनी दिलेल्या शेगडीमुळे सुनीताच्या घरात आता धूर नाही. तिचा जुना खोकलाही थांबला आहे.’

आत्याचं नाव कांताबाई. तिला मूलबाळ नाही. आणि खोकल्याचं म्हणाल, तर याच वर्षी जानेवारीत ती सरकारी दवाखान्यात नाकाला नळी लावून अकरा दिवस पडून होती. त्या अकराही रात्री आम्रपालीनं उशाशी स्टूल टाकून काढल्या होत्या.

पुण्यात खराडीतली आम्रपालीची कंपनी परदेशी कंपन्यांचे अहवाल तयार करून द्यायची. युरोपातली ही विमानकंपनी त्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. विमानं धूर सोडतात. तो कमी करायचा तर कमी उडावं लागेल, आणि ते काही कोणी करणार नव्हतं. म्हणून तिकीट काढताना प्रवाशाला एका चौकटीत खूण करायची सोय दिलेली होती. खूण केली की चार पैसे जास्त जायचे, त्यातून आपल्याकडच्या खेड्यांत कमी धुराच्या शेगड्या वाटल्या जायच्या, आणि त्या शेगड्यांमुळे जेवढा धूर वाचला असं ठरायचं, तेवढा विमानांच्या धुरातून वजा व्हायचा. प्रवाशाला लगेच मेल जायचा : आपल्या या प्रवासाचा पृथ्वीवर काहीही भार पडलेला नाही.

त्या वजाबाकीचा तक्ता आम्रपाली भरायची. शेगड्या वाटणारी संस्था आकडे पाठवायची, ही ते बसवायची. ‘वापरात असलेल्या शेगड्या : ९४ टक्के’ हे वाक्य सलग तीन वर्षं तिनंच टाईप केलं होतं. त्या तीन वर्षांत आत्याच्या घरी ती किती वेळा जेवून आली होती. चुलीवरच्या भाकरीचं कौतुकसुद्धा केलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात शेजारी शेजारी राहिल्या आणि एकमेकींना भेटल्या नाहीत, याची तिला इतकी लाज वाटली की तिनं स्क्रीन बंद केली.

शनिवारी सकाळी तिनं स्कूटर काढली आणि दिवे घाट चढून आत्याच्या वस्तीवर गेली. तेवीस घरांची वस्ती. आत्या अंगणात तांदूळ निवडत बसली होती.

“जयभीम आत्या. शेगडी कुठंय तुझी?”

“जयभीम. आल्या आल्या शेगडी?” आत्यानं हनुवटीनंच गोठ्याकडं खूण केली. शेगडी तिथं आडवी पडलेली होती आणि तिच्या पोटात एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. “महिन्यात तडकली. जाड लाकूड आत जात नाय, तवा वर बसत नाय. भाकरी एका अंगाला करपती, दुसऱ्या अंगाला कच्ची. गॅस हाय, पण तो चहापुरता. मग चूल हायेच की.”

आम्रपालीनं फोनवर तो फोटो दाखवला. आत्यानं फोन लांब धरून बघितला.

“हां, ही साडी शेजारच्या इंदुबाईच्या सुनेची. पोपटराव आलता संस्थेचा, तो म्हणला, चांगलं नेसा, साहेबलोकांना पाठवायचाय. शेगडी पेटवली, फोटू काढला, विझवली. काय लिवलंय खाली?”

आम्रपालीनं वाचून सांगितलं. चार मुलांचं ऐकताना आत्यानं मान वर केली नाही. नुसती सुपातल्या तांदळातून बोट फिरवत राहिली. खोकल्याचं ऐकून मात्र हसायला गेली आणि हसण्याचाच खोकला झाला. तो थांबेपर्यंत आम्रपाली तिची पाठ चोळत राहिली.

“आन हे लिवून त्यांना काय मिळतं?” आत्यानं विचारलं.

“विमानात बसणाऱ्यांना सांगतात, की तुमचा धूर या बाईनं पुसून काढला.”

“मी?”

“तू.”

आत्यानं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “शेगडी देताना पोपटरावनं अंगठा घेतला माझा. मी म्हणलं, मला सही येती, मी सातवी पास हाय. तर म्हणला, मावशी, अंगठाच द्या, फॉर्मवर अंगठाच बरा दिसतो. सगळ्या वस्तीचा अंगठा घेतला. इंदुबाईची मीना तर कॉलेजला जाती, तिचाबी.”

आम्रपालीच्या आजोबांनी आत्याला शाळेत घातलं तेव्हा गावानं त्यांची टिंगल केली होती. तरी ते रोज पाटीवर तिच्याकडून नाव गिरवून घ्यायचे. ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगितली गेली होती की आम्रपालीला ती पाठ होती. तिची कानशिलं तापली. ती उठली आणि तेवीसच्या तेवीस घरं फिरली. दोन घरांत शेगडी पेटत होती. बाकीच्या कुठं माळ्यावर, कुठं उकिरड्यावर. एका घरात तिच्यात चपला ठेवलेल्या. प्रत्येक शेगडीचा तिनं फोटो काढला.

सोमवारी तिनं सगळं रुपालीपुढं ठेवलं. रुपाली तिची मॅनेजर. चाळिशीची, सदाशिव पेठेतली, आवाज कधीही न चढवणारी.

“आपण आकडे भरतो, आम्रपाली. आकडे जन्माला घालत नाही,” रुपाली म्हणाली. “अठरा हजार शेगड्यांपैकी तू तेवीस बघितल्यास. त्यातली एक आत्याची. याला सर्वेक्षण म्हणत नाहीत, माहेरपण म्हणतात.”

“मग उरलेल्या कोणी बघितल्या?”

“आकड्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेनं.”

“त्यांनी कागद बघितले. तेच कागद, जे मी बघितले.”

“गुरुवारच्या कॉलवर तू बोलणार नाहीस,” रुपाली म्हणाली. “ही विनंती नाही.”

गुरुवारी स्क्रीनवर विमानकंपनीची पर्यावरण अधिकारी इंग्रिड होती. मसुदा फारच हृदयस्पर्शी झालाय, विशेषतः सुनीताचं पान, असं ती म्हणाली. आम्रपालीनं माईक चालू केला.

“एकतिसाव्या पानावरची बाई माझी आत्या आहे. तिचं नाव सुनीता नाही. तिला मुलं नाहीत. शेगडी महिन्यात फुटली आणि खोकल्यानं ती या वर्षी मरता मरता वाचली.”

रुपाली टेबलाकडं बघत होती. मग इंग्रिडनं मनापासून माफी मागितली. हे अक्षम्य आहे, म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आल्यासारखं दिसलं. “तो फोटो आम्ही आजच काढून टाकतो.”

“फोटो राहू द्या. आकडा काढा,” आम्रपाली म्हणाली.

आकडा प्रमाणित झालेला आहे, असं इंग्रिडनं सांगितलं. अगदी हळुवारपणे सांगितलं. दुसऱ्या दिवशी नवा मसुदा आला. एकतिसाव्या पानावर आता दोन हातांची ओंजळ होती आणि ओंजळीत एक रोप. शेजारी तोच आकडा : ९४ टक्के. शेवटच्या पानावर तपासनीस म्हणून आम्रपालीचं नाव. ते नाव काढा, असं तिनं लेखी कळवलं. त्या संध्याकाळी तिला त्या कामावरून हलवून प्रवाशांच्या हरवलेल्या बॅगांच्या तक्रारींवर बसवलं.

तिनं घरी जाऊन प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा पत्ता शोधला. पत्र वस्तीवर बसून आत्यानं लिहिलं, मराठीतून, स्वतःच्या हातानं, तीन पानं. खाली ‘कांताबाई शिवराम भालेराव’ अशी ठसठशीत सही केली. तिच्याखाली आणखी एकोणीस बायकांनी सह्या केल्या. आम्रपालीनं इंग्रजी भाषांतर आणि फोटो जोडून पाठवून दिलं.

दोन आठवड्यांनी पोपटराव वस्तीवर आला. त्या दिवशी रविवार होता आणि आम्रपाली तिथंच होती. पन्नाशीचा, घामेजलेला माणूस. त्यानं जीपमधून नवी शेगडी उतरवली आणि आत्याच्या पुढ्यात ठेवली.

“मावशी, ही घ्या नवीन. आणि तेवढं पत्र मागं घ्या. गैरसमज झाला म्हणा.”

“घेते,” आत्या म्हणाली. “आधी हिच्यावर एक भाकरी भाजून दाखव.”

“मला कुठं भाकरी येती, मावशी?”

“थापते मी. तू नुसती भाज.”

आत्यानं भाकरी थापून दिली. पोपटरावनं शेगडी घरात नेऊन तिच्यात काटक्या कोंबल्या. शेगडी पेटेना, फुंकून फुंकून त्याचे डोळे लाल झाले. धूर छपराखाली कोंडला. तवा एका बाजूला कलंडत होता, तो त्यानं शर्टाच्या टोकानं धरून ठेवला. वस्तीतल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. कोणी हसलं नाही. भाकरी अर्धी करपली, अर्धी पांढरीच राहिली. पोपटराव खोकत खोकत बाहेर आला आणि ओट्यावर बसला. आत्यानं त्याला तांब्या दिला.

“मला काय करता येतं, सांगा,” तो आम्रपालीला म्हणाला. “आम्हाला फॉर्म वरून येतो. त्यात ‘शेगडी वापरात आहे’ एवढीच चौकट. वापरात नाही, अशी चौकटच नाही. पहिल्या वर्षी मी पेनानं लिहून दिलं होतं, की लोक वापरत नाहीत. सगळा गठ्ठा परत आला. म्हणाले, भरता येत नसेल तर दुसरा माणूस बघतो.”

“आणि अंगठे?”

त्यानं तांब्या खाली ठेवला. “तेपण वरूनच. सह्या दिसल्या की लोक गरीब वाटत नाहीत, म्हणाले.”

“हे लिहून द्याल?”

त्यानं पुष्कळ आढेवेढे घेतले. पोरीचं लग्न आहे म्हणाला, नोकरी जाईल म्हणाला. ते सगळं खरं होतं. पण डोळ्यांतलं पाणी पुसत असताना, समोर आत्या उभी असताना, त्याला नाही म्हणता येईना. त्यानं अर्धं पान लिहून दिलं आणि रिकामी जीप घेऊन गेला.

ते पानही आम्रपालीनं पाठवलं. साडेतीन महिन्यांनी प्रमाणपत्रवाल्यांचे दोन तपासनीस आले. त्यांनी चार दिवस आसपासची गावं पालथी घातली. निकाल आम्रपालीला कोणी कळवला नाही. अहवाल छापून आला तेव्हा तिनंच शोधून वाचला. एकसष्टाव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत, एक तळटीप होती : ‘एका तालुक्यातील ४१२ शेगड्या यंदाच्या गणनेतून वगळल्या आहेत.’ उरलेल्या साडेसतरा हजार तशाच होत्या. त्या वर्षी विमानकंपनीनं पुण्याच्या प्रवाशांसाठी दोन नव्या उड्डाणांची घोषणा केली. पोपटरावची नोकरी गेली.

आत्याला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हंजे आपल्या नावावर ते आता उडत नाहीत.”

“आपल्या नाही. बाकीच्यांच्या.”

“बाकीच्या बायकांना ठाव हाय का?”

सोमवारी कॅन्टीनमध्ये आम्रपाली रुपालीच्या समोर जाऊन बसली आणि इतर तालुक्यांच्या गावांची यादी मागितली. रुपालीनं चमचा खाली ठेवला.

“ती गोपनीय आहे. मागितलीस हे मी ऐकलेलं नाही.”

“तीन वर्षं मीच ती यादी भरली. निम्मी गावं मला तोंडपाठ आहेत.”

“मग माझ्याकडं कशाला आलीस?”

“उरलेल्या निम्म्यांसाठी.”

रुपालीनं डबा बंद केला आणि निघून गेली. यादी तिनं दिली नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. त्या आठवड्यात आम्रपालीनं आठवतील तेवढी गावं वहीत उतरवली. एकशे सहा भरली. शनिवारी पहाटे ती स्कूटर घेऊन स्वारगेटला पोहोचली, तर आत्या एसटीनं येऊन उभी होती, पायात बूट, पिशवीत दम्याचा पंप आणि कालची भाकरी.

“पहिलं गाव कुठलं?” तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्कूटरवर मागं बसली.