दुसरी सही

फुलांच्या काचघरांत कीडनाशक फवारणाऱ्याला सगळे घड्याळमामा म्हणत. बावीस वर्षांत त्याने कुणालाही दहा मिनिटंसुद्धा लवकर आत सोडलं नाही, अशी त्याची ख्याती होती. फवारणी संपली की दारावर लाल पाटी अडकवायची, तिच्यावर खडूने वेळ लिहायची, आणि त्या वेळेपासून चोवीस तास दार बंद. पाटीखाली दोन सह्या लागत. एक फवारणाऱ्याची, दुसरी आणखी कुणाची तरी, पण घड्याळ पाहून केलेली.

नव्या विधेयकात ही दुसरी सही काढून टाकायची होती. विधिमंडळाच्या समितीने सुनावणी ठेवली, तेव्हा कामगारांनी मामालाच पुढे केलं. संघटनेच्या कारकुनाने भाषण टाइप करून हातात ठेवलं. "आहे तसं वाचायचं. पदरचं काही घालू नका."

सोबत ताई निघाली. ही त्याची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून त्याच्याकडेच राहणारी. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती त्याच काचघरांत फुलं तोडत असे. मग बोटं बधिर झाली ती झालीच. फवारणीचं औषध अंगात भिनलंय, एवढंच डॉक्टर सांगू शकले. त्या खेपेचं औषधच खराब असणार, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. मामाने ती कधी खोडली नव्हती. रोज सकाळी तो तिच्या स्वेटरची बटणं लावून देई.

"चेहरा बघ," ताई बाकावर बसता बसता म्हणाली. "दात उपटून घ्यायला आल्यासारखा."

"गप बस गं. नाव पुकारतील."

आधी बागमालकांचा वकील उठला. त्याने आवाजही चढवला नाही. "ज्या माणसाने वीस वर्षं पाठीवर पंप वाहिला, त्याने वेळ बरोबर लिहिलीय का, हे दुसऱ्याने तपासायचं? हा त्याच्या अनुभवाचा अपमान आहे." समितीतल्या दोघातिघांनी माना डोलावल्या.

मामाचं नाव आलं. तीन मिनिटं मिळणार होती. त्याने चष्मा चढवला आणि कागदावरचं पहिलं वाक्य मनात वाचलं. 'बावीस वर्षांच्या सेवेत माझ्या हातून एकदाही चूक झालेली नाही.' त्याने ते पुन्हा वाचलं. हे तर वकिलाच्याच पथ्यावर पडणारं होतं. अशा माणसावर दुसरी सही हवीच कशाला, असं कुणीही विचारलं असतं.

मागे ताई बसली होती. तिचं खोकणं त्याला ओळखू येत होतं.

"वाचा," अध्यक्ष म्हणाले.

मामाने कागदाची घडी केली. "दोन वर्षांपूर्वी मी सगळ्यात मोठं काचघर फवारलं. सकाळी सहाला सुरू केलं, संपायला दुपारचे बारा वाजले. पाटीवर बारा लिहायचे. मी सहा लिहिले. सुरू केल्याची वेळ डोक्यात राहिली होती. पहारेकरी रजेवर होता. दुसऱ्या कुणाला बोलवायचा कंटाळा केला. म्हटलं, मला कोण शिकवणार? दुसरी सही मीच ठोकली. दुसऱ्या दिवशी सहाला तोडणाऱ्या बायकांनी पाटी वाचली आणि दार उघडलं. बारापर्यंत बंद राहायला हवं होतं. त्यांत माझी बहीण होती. तिच्या हातांत जीव राहिला नाही. पाटी पुसताना मला चूक कळली. आजवर बोललो नाही."

वकील कागदात काहीतरी शोधू लागला.

"नवखा असता तर त्याने कुणाला तरी विचारलं असतं," मामा म्हणाला. "मी अनुभवी होतो."

अध्यक्षांनी वेळ संपल्याचं सांगितलं. मतदान पुढच्या सोमवारी, त्याआधी राहिलेल्यांना बोलता येईल, असंही सांगितलं. एका सभासद बाईंनी मामाला तारीख विचारून लिहून घेतली. बाकीचे पुढचं नाव शोधत होते.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात ताई खिडकीपाशी उभी होती. स्वेटर अंगात, बटणं उघडी. सवयीने मामाचा हात पुढे गेला.

"हात लावू नकोस."

तो मागे सरकला. तिने स्वतःच वरचं बटण धरलं. ते निसटलं. पुन्हा धरलं. माणसं येत होती, जात होती. साफसफाईवालीची बादली त्यांना वळसा घालून गेली. बऱ्याच वेळाने बटण काजात शिरलं, तेही एक काज सोडून.

"दोन वर्षं मी त्या औषधाला शिव्या घालतेय," ती म्हणाली. "आणि तू समोर बसून जेवत होतास."

ती दुसऱ्या बटणाकडे वळली. मग मध्येच थांबली. "सोमवारी कुणालाही बोलता येतं ना?"

"हो. नाव द्यावं लागतं."

"माझं दे. भाषणबिषण मला जमायचं नाही. त्या टेबलासमोर उभी राहून ही पाच बटणं लावणार." तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. "वेळ तू मोज. आणि शेजारी कुणाला तरी घड्याळ बघायला बसव."

मामा नाव द्यायला आत गेला. अर्जावर त्याने तिचं नाव लिहिलं, अर्ज दिल्याची वेळ लिहिली, आणि टेबलामागच्या समितीच्या कारकुनासमोर कागद सरकवला.

"जरा घड्याळ बघून सांगा," तो म्हणाला, "बरोबर लिहिलीय का?"