हिराच्या ओळीखालचा बाण

मित्रांनो, मी एक जुना बाण आहे. मला टोक आहे, पण ते कुणाच्या अंगात घुसत नाही. रंग करडा, आकार तुमच्या नखाएवढा, आणि तोंड जन्मापासून खाली. पालघर, शिरगाव, बोईसर, तारापूर या बाजूची माणसं मोबाइलवर ज्या ‘किनारकट्ट्या’वर गप्पा मारायला जमतात, तिथं प्रत्येकाच्या लिहिण्याखाली मी उभा असतो. शेजारी माझा भाऊ असतो, त्याचं तोंड वर. लिहिलेलं पटलं की लोक त्याला दाबतात, नाही पटलं की मला. तुम्हीही कधी ना कधी मला दाबलं असेल. माझं तुमच्याशी भांडण नाही. मला फक्त तुमच्या अंगठ्यांची भीती वाटते. ती का वाटते, ते आज सांगून टाकतो.

मला घडवलं मेघालीनं. शिरगावातल्या धर्माजींची ही मुलगी. बापाची नारळ-केळीची वाडी, पण पोरगी रमली संगणकात. गावात लाइट कधी जाणार, गॅसची गाडी आज येणार की नाही, कुठला डॉक्टर सुटीवर आहे, हे लोकांना एकमेकांकडून कळावं म्हणून तिनं कट्टा बांधला. मला तिनं ओटीवर बसून काढलं. एक नियमही घातला. पुरेशा लोकांनी मला दाबलं की वरचं लिहिणं मिटून जावं, आणि त्या जागी फक्त एवढंच दिसावं: ‘ही कमेंट झाकली आहे. पाहायची असल्यास दाबा.’

“बाबा, यानं केरकचरा आपोआप खाली जाईल,” ती म्हणाली.

धर्माजी वाडीला पाणी लावायला निघाले होते. जाता जाता म्हणाले, “आनि केर कुटला, ते कोन ठरवनार?”

“लोकच ठरवतील की.”

“मग झालं कल्यान,” म्हणत ते पाटाकडे गेले.

सुरुवातीचे दिवस फार छान गेले. कुणी म्हणे, अमुक पाला खा, साखर कायमची जाते. लोक मला दाबत, आणि ते थोतांड मिटून जाई. कुणी खोटी नोकरी दाखवून पोरांना फसवू पाही, तोही खाली जाई. मेघाली मैत्रिणींना कौतुकानं सांगायची, “माझा खालचा बाण फार कामाचा आहे हं.” मीही भाव खात असे, का खोटं बोलू?

पण हळूहळू अंगठे बदलले. मी काचेमागून माणसांचे चेहरे पाहतो, घरातली बोलणीही ऐकतो, त्यामुळे मला कोण कशासाठी दाबतो ते कळतं. नीलेशनं लिहिलं की शिरगावच्या किल्ल्यावर सहलीला येणारे बाटल्या टाकून जातात, आणि खानावळवाले ते पाहून गप्प बसतात. खरं होतं. म्हणूनच खानावळवाल्यांनी मला कचाकचा दाबलं. ललितचं आणि शेजाऱ्याचं कुंपणावरून वाजलं होतं. ललितनं कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तरी तो शेजारी चहाचा कप खाली ठेवून आधी मला दाबायचा, मग उरलेला चहा प्यायचा. आणि पुष्कळ जण तर वाचायचेसुद्धा नाहीत. आधीच चार जणांनी दाबलंय म्हणजे काहीतरी असेलच, असं म्हणून पाचवा दाबायचा. मेघालीनंही माझं कौतुक करणं सोडलं. मी नुसता प्रत्येक ओळीखाली उभा असे. अंगठा खाली येताना काचेवर आधी त्याची सावली पडते. ती सावली पडली की मी अंग चोरायचो. तरीही तोवर मला वाटत होतं, माणसं रागानं दाबतात, फार तर आळसानं. भीतीनंही दाबतात हे मला ठाऊक नव्हतं.

ते मला हिराच्या ओळीखाली कळलं.

हिरा ही शिरगावच्या मच्छीमार घरातली सून. नवरा रामा स्वतःची बोट घेऊन डोलीवर जायचा. डोल म्हणजे समुद्रात रोवून ठेवलेलं मोठं पिशवीसारखं जाळं. बोट तिच्यापाशी उभी राहते, आणि भरती-ओहोटीचं पाणी मासळी आणून आत घालतं. हिरा घरी बोंबील वाळवायची, बाजारात विकायची. सासू येसूबाई तोंडाची फटकळ, पण मुलगा दर्यावर गेला की तिच्या घशाखाली घास उतरत नसे. त्या घराचा एक रिवाज होता. तो त्या सगळ्या आळीचाच रिवाज होता. बोट बाहेर असेतोवर वाईट शब्द काढायचा नाही. उशीर झाला तरी ‘येतेच हाय’ म्हणायचं. ‘आली नाही’ हे दोन शब्द जिभेवर आले तर गिळायचे.

त्या थंडीत एका सकाळी रामाची बोट भरतीबरोबर यायची होती, ती आली नाही. किनाऱ्यावर धुकं होतं. बाकीच्या बोटी आल्या, मासळी उतरली, लिलाव झाला, टोपल्या उठल्या. रामाचा फोन लागेना. आळीतले पुरुष म्हणाले, “एक भरती जाऊ दे, येतेच हाय.” मग दोन बोटी शोधायला निघाल्या, आणि रामाची डोल दक्षिणेला असते म्हणून दक्षिणेलाच गेल्या. हिरा वाळवणापाशी बसली होती. हातातला बोंबील तिनं किती तरी वेळ नुसता धरून ठेवला. मग पदराला हात पुसून तिनं मोबाइल घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा कट्ट्यावर लिहिलं:

“माज्या रामाची शिरगावची बोट आली नाय. निळी हाय, पुढं पांढरा पट्टा. संगती तीन खलाशी हायत. कोनी पायली का? माजा जीव राहत नाय.”

मी त्या ओळीखाली उभा राहिलो. माझा भाऊ मला म्हणाला, “आज माझं काम आहे, तू निवांत राहा.” मलाही तसंच वाटलं. अशा ओळीला कोण खाली ढकलेल?

पहिला अंगठा आला तो रत्नाबाईचा. हिराची शेजारीण, सख्ख्या बहिणीसारखी. तिनं ओळ वाचली आणि छातीवर हात ठेवला. “देवा रे, काय लिवलं हिनं हे! खाली जाऊ दे, खाली जाऊ दे,” असं पुटपुटत तिनं मला दाबलं. तिचा अंगठा गार पडला होता. मग तिच्या जावेनं दाबलं. मग ज्यांचे मुलगे शोधायला गेले होते त्यांनी दाबलं. अंगठ्यामागून अंगठे येत राहिले, आणि त्यांत एकही रागाचा नव्हता. वाईट शब्द समोर राहायला नकोत, दिसायला नकोत, म्हणजे ते खरं व्हायचं नाही, एवढंच प्रत्येकाच्या मनात होतं. मित्रांनो, रामाचा जीव वाचावा म्हणून ती माणसं मला दाबत होती, आणि मी प्रत्येक दाबासरशी रामाला कुणी पाहिलं का हा प्रश्न लोकांच्या नजरेआड नेत होतो. मला ओरडावंसं वाटत होतं. पण बाणाला तोंड असतं ते नुसतं दाखवायचं.

तेवढ्यात येसूबाई हिराजवळ आली.

“काय लिवलंस त्याच्यात? वाच.”

हिरानं वाचून दाखवलं. म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला.

“पोर दर्यात हाय, नि तू साऱ्या जगाला सांगतेस, आला नाय? काड ते. आदी काड!”

“आय, कोनी पायला आसंल तर सांगंल ना...”

“येतोय तो! काड म्हनते ना!”

“काडायचं कसं ते मला येत नाय, आय.”

“मग खाली दाब. रत्ना म्हनते, खाली दाबलं का जातं.”

हिरानं सासूकडं पाहिलं, मग समुद्राकडं. आपण लिहिलं म्हणूनच काही झालं तर? ही शंका तिच्या मनात शिरली तेव्हा मी तिच्या डोळ्यांसमोर होतो, मला ती स्पष्ट दिसली. कुणी आपलंच बोलणं खाली ढकलेल हे मेघालीच्या स्वप्नातही आलं नव्हतं, त्यामुळे तसं करण्याला कट्ट्यावर मनाई नव्हती. हिराचा अंगठा आला. त्याला मीठ आणि मासळीचा वास होता. तिनं मला दाबलं, आणि ओळ झाकायला तेवढाच एक दाब कमी होता. ओळ मिटली. निळी बोट, पांढरा पट्टा, तीन खलाशी, सगळं झाकलं गेलं.

ती रात्र मी सांगत नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाही. दक्षिणेला गेलेल्या बोटी रिकाम्या परत आल्या.

दुसऱ्या दिवशी तारापूरच्या बाजूला मेहुल नावाचा एक मच्छीमार बर्फाची गाडी यायची वाट पाहत बोटीवर बसला होता. त्याला एक खोड होती. कट्ट्यावरची झाकलेली बोलणी तो मुद्दाम उघडून पाहायचा, कारण चांगली भांडणं तिथंच सापडतात. ललित आणि शेजाऱ्याचं कुंपण त्याला तोंडपाठ होतं. आजही तो एकेक झाकण उघडत, हसत खाली येत होता. हिराच्या ओळीशी आला तेव्हा खलाशानं हाक मारली, “मेहुलभाय, गाडी आली वाटतं!” मेहुलनं मान वळवली. मी मनात म्हटलं, संपलं. गाडी दुसऱ्याच कुणाची निघाली. मेहुल परत वळला आणि त्यानं ओळ उघडली.

त्याचं हसू तिथंच गेलं.

“अरे, ही शिरगावची बोट मी काल पायली!” तो ताडकन उठला. “धुक्यात उभी होती. पांढरा पट्टा होता. मला वाटलं, डोलीवर उभी हाय!”

“आपल्या बाजूला शिरगावची डोल कुटं आसते?” खलाशी म्हणाला.

मेहुलनं कपाळावर हात मारून घेतला. बर्फ तिथंच राहिला. त्यानं कट्ट्यावर नव्यानं, मोठ्या अक्षरांत लिहिलं की बोट उत्तरेला दिसली होती, आणि इंजिन सुरू केलं.

मेहुलनं रामाची बोट संध्याकाळी दोरीनं ओढत आणली. इंजिन बंद पडलं होतं, बॅटरी गेली होती, नांगर तुटला होता, आणि पाणी तिला उत्तरेला नेत राहिलं होतं. चौघंही जिवंत होते. प्यायचं पाणी आदल्याच दिवशी संपलं होतं, एका खलाशाला तर धरून उतरवावं लागलं. मेहुल म्हणाला, अजून एक ओहोटी गेली असती तर कुठं शोधायचं ते देवालाच ठाऊक. हिरानं रामाच्या पाठीत दोन गुद्दे घातले, आणि मग त्याच्या ओल्या सदऱ्यात तोंड खुपसून रडली.

मेघाली दोनच दिवसांत त्यांच्या घरी आली. तिला सगळं कळलं होतं. तिचे डोळे सुजले होते. “येसूआजी, मी तो खालचा बाण काढूनच टाकते,” ती म्हणाली. मित्रांनो, खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

पण येसूबाई उसळली. “काडतेस? का म्हनून? आमी सगल्यांनी दाबलं म्हनून तर आला माजा रामा!”

“अगं आजी, झाकलं गेलं म्हणून उशीर...”

“तुला काय ठावं! आमी वाईट बोलनं खाली घातलं, म्हनून दर्यानं पोर परत दिलं. राहू दे तो बान.”

रत्नाबाईनं मान हलवली. दारात जमलेल्या बायकांनीही हलवली. मेघाली हिराकडं पाहत राहिली. हिरा खाली मान घालून चहात साखर ढवळत होती. मी राहिलो. आणि त्या दिवशी मला जितकी भीती वाटली तितकी बोट सापडत नव्हती तेव्हाही वाटली नव्हती. ही माणसं पुन्हा दाबणार होती, आणि आता त्यांना ते पुण्याचं काम वाटत होतं.

तीच वेळ आज पुन्हा आली आहे. शेजारच्या आळीतल्या दमयंतीचा मुलगा बोट घेऊन गेला, तो अजून परतला नाही. तिनं मघाशी लिहिलं आहे. रत्नाबाईनं दाबलं. जावेनं दाबलं. येसूबाईनं तर आता स्वतः दाबायला शिकून घेतलं आहे. ओळ मिटायला फार अंगठे उरलेले नाहीत. आणि आत्ता काचेवर सावली पडली, ती हिराच्या अंगठ्याची. मी डोळे मिटून घेतले असते, पण माझ्या डोळ्यांना पापण्या नाहीत.

अंगठा माझ्यावर थांबला. मग बाजूला सरकला. ती लिहू लागली. चुकत, खोडत, सासू शेजारी बसलेली असताना:

“दमयंती, मी हिरा. माज्या रामाची कमेंट शेवटी मीच खाली दाबली होती. माजा रामा दाबून नाय आला. मेहुलभावजींनी ती उघडली म्हनून आला. तुज्या बोटीचा रंग सांग. कुटल्या अंगाला गेली ते सांग.”

येसूबाईला वाचता येत नाही, म्हणून ती विचारते आहे, “काय लिवलंस?” हिरा तिला वाचून दाखवते आहे. म्हातारी पदराचं टोक बोटाला गुंडाळते आहे. तिच्या मनात काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

मित्रांनो, दमयंतीची बोट अजून आलेली नाही. तिच्या ओळीखाली मी उभा आहे, आणि मला फार भीती वाटते आहे. तुम्हाला एखादी ओळ वाचून राग आला तर मला दाबा, मी सोशीन. पण वाचताना तुमचा हात गार पडला, तर अंगठा जरा आवरा. आणि बोटीचा रंग विचारा.