खेळाआधीचे हुंदके

छापलेल्या शब्दाला वजन असतं, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. ते आपल्याला कळलं तेही छापूनच आल्यामुळे.

१९८५च्या सुमारास शैलेंद्र अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेत पीएच.डी. करत होता. विषय : मूकपटांनी अमेरिकन माणसाला कसं रडवलं. विद्यापीठाच्या तळघरात मायक्रोफिल्मच्या यंत्राला डोळे लावून त्याने साठ वर्षांपूर्वीचे पेपर वाचून काढले. पुरावा भक्कम होता. ओहायोतल्या एका गावात सिनेमा बघून ‘खंबीर पुरुषांनीही रुमाल काढले’. आयोवातही काढले. कॅन्ससमध्येही.

“सगळ्यांनी एकाच वाक्यात?” त्याच्या गाइडबाईंनी विचारलं.

मग उलगडा झाला. सिनेमाची कंपनी थिएटरवाल्याला जाहिरातीबरोबर तयार मजकूरही धाडायची. जाहिरात मिळते म्हणून पेपरवाला तो बातमीसारखा छापायचा. रुमाल सकाळच्या पेपरात निघत. खेळ संध्याकाळी असे. प्रबंधातला एकही प्रेक्षक खरा निघाला नाही. कमिटीने प्रबंध नाकारला.

“घरी सांगितलंस?” रूममेट अतुलने विचारलं.

“कसं सांगू यार? बाबांनी अकोल्याच्या पेपरात चौकट दिलीय. फोटोसकट. ‘डॉ. शैलेंद्र यांचे हार्दिक अभिनंदन.’”

“प्रबंधाच्या डिफेन्सच्या आधीच? आणि मजकूर कुणी पुरवला?”

‘डिग्री मिळाल्यातच जमा आहे’ असं बाबांना पत्रात शैलेंद्रनेच लिहिलं होतं.

बाबा, म्हणजे एकनाथराव, हृदयविकाराने अंथरुणाला खिळले होते. ते जायच्या आत खरं सांगायचं म्हणून त्याने रविवारी फोन लावला.

“बाबा, मला डिग्री मिळालेली नाही.”

“असं कसं? पेपरात आलंय.”

“ते तुम्हीच दिलं होतंत!”

“छापलं त्यांनीच ना?” बाबा समजुतीच्या सुरात म्हणाले. “दमलायस बाळा. झोप जरा.”

फेब्रुवारीत बाबा गेले. “तू येईस्तोवर आम्ही अग्नी द्यायचं थांबतो,” सुलभामावशी फोनवर म्हणाली, आणि पेपरात मजकूर आदल्या दिवशीच द्यावा लागतो म्हणून देऊनही आली. पुढे तिने कात्रण पाठवलं :

‘एकनाथराव यांना त्यांचे सुपुत्र डॉ. शैलेंद्र यांनी अमेरिकेहून येऊन साश्रुनयनांनी अग्नी दिला. उपस्थितांचे डोळे पाणावले.’

अग्नी चुलतभावाने दिला होता. नेवार्कचा विमानतळ शैलेंद्र निघायच्या दिवशी बर्फामुळे बंद होता.