आठवी लेव्हल

वाल्मीकने खोडरबराने सातचा आकडा पुसला, कागदावरचा कचरा फुंकला आणि तिथे आठ लिहिला. खाटेवर उशांना टेकून बसलेला दिनेश ते बघत होता.

देवळाली कॅम्पातल्या याच खोलीत सत्त्याण्णव सालापासून दोघं दर रविवारी झेरॉक्स केलेल्या पुस्तकावरून हा खेळ खेळत होते. फासे टाकायचे, गुहेत शिरायचं, राक्षस मारायचे. खेळ चालवणारा वाल्मीक. दिनेशचं पात्र एल्फ जमातीचं, एकाच वेळी लढवय्या आणि जादूगार. म्हणून लेव्हल वाढवण्यासाठी मिळालेल्या अनुभवाच्या गुणांचे दोन वाटे व्हायचे. त्यात एल्फ लढवय्या सातव्या लेव्हलच्या वर जाऊच शकत नाही, असा नियम. वर्षभर त्याचा अर्धा अनुभव त्या भरलेल्या वाट्यात पडून वाया जात होता. दिनेशने भांडून पाहिलं, अबोला धरला, एकदा तर पुस्तक खिडकीबाहेर भिरकावलं. वाल्मीक कसला बधतो! जिना उतरून त्याने पुस्तक उचलून आणलं, धूळ झटकली आणि तेच पान पुन्हा वाचून दाखवलं.

आणि आज न मागता त्याने आठ लिहिला होता.

महिन्यापूर्वी दिनेशच्या आईने, मंगलाबाईंनी, जिन्यातच वाल्मीकचा हात धरला होता. दिनेशचं दुखणं रक्ताचं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते. दिनेशला मात्र कावीळ सांगितली होती. तुझ्या तोंडून निघालं तर माझं पोर आजच खचेल, असं म्हणून त्यांनी शपथ घातली. वाल्मीकने ती पाळली. पण निदान एवढं तरी द्यावं त्याला, असं वाटलं.

"सातच्या वर जाता येत नाही," दिनेश म्हणाला.

"नियम बदललाय. मुंबईत नवीन पुस्तक आलंय."

"पान दाखव."

वाल्मीक फासे गोळा करू लागला. एक खाटेखाली गेला होता, तो शोधायच्या निमित्ताने तो बराच वेळ वाकून राहिला. वर आला तेव्हा दिनेशचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"किती दिवस सांगितलेत?"

वाल्मीकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनाभर तोंड शिवून बसला, आणि एका आकड्याने घात केला.

बाहेर कपबशा वाजल्या. दिनेशने घाईघाईने डोळे पुसले आणि त्याचं मनगट पकडलं.

"मला कळलंय हे आईला सांगू नकोस. तिला झेपायचं नाही."

मंगलाबाई चहा घेऊन आल्या आणि दोघांची तोंडं बघून दारातच थबकल्या.

"आई, माझा लढवय्या आठव्या लेव्हलला गेला," दिनेश हसून म्हणाला. "दिवाळीपर्यंत नववी."

मंगलाबाईंना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण किती दिवसांनी पोरगं हसलं होतं. त्यांनी वाल्मीकच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दोन बिस्किटं जास्तीची त्याच्या बशीत ठेवली. त्या समोर उभ्या होत्या, म्हणून त्याने ती खाल्ली.