तिसऱ्या मजल्यावरची गादी

संतोषकुमार टाय लावून दुसऱ्याच्या दुकानात कामाला जाऊ लागला, त्याला आठवडा झाला. शेवटी त्याच्या आई रत्नाबाई त्याला परत आणायला निघाल्या.

बसवनगुडीतलं त्यांचं कापडाचं दुकान सासऱ्यांच्या वेळचं. चपला खाली काढायच्या, पांढऱ्या गादीवर ऐसपैस बसायचं आणि माल पुढ्यात यायचा, ही तिथली रीत. उठताना ‘फिरून येते’ म्हणणारं गिऱ्हाईक पुन्हा तोंड दाखवत नाही, हे संतोषकुमारला बोलता येण्याआधी कळलेलं. पण तिसरी साडी उलगडताना त्याला जांभया यायच्या. जयनगरला कपड्यांचं आणि घरसामानाचं चार मजली दुकान उघडलं आणि हा पठ्ठ्या तिथे चिकटला. मालकाचा मुलगा नोकर झाला, याची रत्नाबाईंना लाज वाटत होतीच. पण खरं दुःख साधं होतं. नवरा गेलेला, आता मुलगाही नाही. दुकान खायला उठायचं.

नव्या दुकानाच्या काचेच्या दाराशी त्यांनी सवयीनं चपला काढल्या. वॉचमन बघतच राहिला. आत थंडगार होतं. बायका आपल्या हातानं कपडे काढून बघत होत्या. या म्हणायला कुणी नाही, बसा म्हणायला कुणी नाही. एवढ्या मोठ्या दुकानात गादी नसेल असं कसं होईल, म्हणून रत्नाबाई शोधत शोधत तिसऱ्या मजल्यावर गेल्या. गादी सापडली. पांढरीशुभ्र, मागे टेकायला उशासुद्धा. त्या वर चढल्या, मांडी घातली, पदर सारखा केला आणि माल यायची वाट पाहू लागल्या.

तो डबलबेड होता, विकायला मांडलेला. शिल्पाश्री नावाच्या सेल्सगर्लनं कन्नडमध्ये तसं समजावून सांगितलं. रत्नाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आधी चादरी दाखव म्हणाल्या. मग मॅनेजर आला. त्यानं संतोषकुमारला बोलावून या बाई कोण, ओळखीच्या आहेत का, असं इंग्रजीत विचारलं. एवढं इंग्रजी रत्नाबाईंना कळत होतं.

संतोषकुमारनं आईकडे पाहिलं, मग आपल्या टायकडे.

"कस्टमर आहेत, सर."

रत्नाबाईंनी पदर पुन्हा सारखा केला. गिऱ्हाईक तर गिऱ्हाईक.

"चादरी दाखवा, अण्णा," त्या म्हणाल्या. "स्वल्प फिकट रंगात."

संतोषकुमारनं कुणी न सांगता बूट काढले, बेडवर गुडघे टेकले आणि मनगटाच्या एका झटक्यात चादर पसरली. सुरकुती नाही. हुबेहूब त्याच्या वडिलांचा हात. मग दुसरी, तिसरी, गुलाबी, फिकट निळी. हिंडून पाय दुखलेल्या दोन बायका चपला काढून बेडच्या कडेला टेकल्या आणि त्यांनीही भाव विचारला. मॅनेजर काही बोलणार होता, तो गिऱ्हाईक वाढलेलं बघून मागे सरला. ढीग गुडघ्याला लागला तरी पोरानं एक जांभई दिली नाही. रत्नाबाईंना अभिमान वाटला, आणि त्याचाच रागही आला.

निळ्या चादरीचा भाव कमी करा, म्हणून त्यांनी घासाघीस करून पाहिली.

"फिक्स्ड रेट आहे, अक्का," तो मान खाली घालून म्हणाला.

जन्मदात्या आईला अक्का. रत्नाबाई बेडवरून उतरल्या.

"सरी, ठीक आहे. फिरून येते."

संतोषकुमारच्या हातातली चादर तशीच राहिली.

खाली दाराशी चपला नव्हत्या. शोभा जाते म्हणून वॉचमननं त्या कुठेतरी सरकवल्या होत्या. रत्नाबाई अनवाणी उभ्या असताना संतोषकुमार मोज्यांवरच जिना उतरून धावत आला. मागोमाग मॅनेजर. संतोषकुमारनं कुंडीमागून चपला शोधून काढल्या आणि वाकून त्यांच्या पायांपुढे ठेवल्या.

"आई, चपला घाल," तो म्हणाला. मॅनेजरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

रत्नाबाईंनी चपला घातल्या. ‘परत चल’ हे शब्द त्या वाटभर घोकत आल्या होत्या. ते तोंडून निघाले नाहीत.

"आत जा, मोजे मळतील," त्या म्हणाल्या. "आणि ती निळी बाजूला काढून ठेव. उद्या न्यायला येते."