फक्त प्रयोगशाळेसाठी

"लॉर्ना, ब्रिटाचा एखादा हसरा फोटो असेल ना गं तुझ्याकडे?" जेवणाच्या खोलीत समोर येऊन बसत ड्वाइटने विचारलं. तो त्यांच्या विभागाचा साहेब.

लॉर्नाचा घास हातातच राहिला. ब्रिटाला, तिच्या लेकीला, जाऊन नुकतंच वर्ष झालं होतं.

"कशाला?"

"कंपनीच्या माहितीपत्रकावर छापायला. 'हिच्यासाठी आम्ही झटतो', असं काहीतरी. वरच्यांना कल्पना फार आवडलीय."

मिनेसोटातल्या त्या कारखान्यात माणसाचं जनुक घातलेल्या पेशी टाक्यांत वाढवत. त्यांनी तयार केलेली एन्झाइमं शुद्ध करून संशोधनासाठी पाठवत. लॉर्ना कुप्या भरायची. त्यातलंच एक एन्झाइम तिच्या लेकीच्या अंगात जन्मापासून नव्हतं. त्याच्यावाचून आधी पाय गेले, मग मान, मग श्वास अडू लागला. औषध नव्हतं. इतक्या थोड्या मुलांसाठी ते काढायला कुणी धजलं नव्हतं.

ब्रिटाला कृत्रिम श्वासावर ठेवलं, तेव्हा लॉर्ना ड्वाइटकडे गेली होती.

"आपण टाकून देतो त्या कुप्यांतली एखादी..."

"खुळी आहेस का? ते प्रयोगापुरतं असतं. टोचलंस तर आजच मरेल पोर."

त्याचं खरंच होतं. लॉर्ना मुकाट्याने परतली. पण दुसऱ्या दिवसापासून फाटकावर तिची पिशवी तपासायला लागले. फक्त तिचीच. लेकीला पुरून ती कामावर आली, त्या दिवशीसुद्धा.

"लोकांच्या काळजाला भिडेल बघ," ड्वाइट म्हणाला.

"माझी पिशवी तपासायला कोणी सांगितलं होतं रे?"

ड्वाइट कॉफीच्या कपाशी चाळा करत राहिला. "नियम असतात, लॉर्ना. मनावर घेऊ नकोस."

"मी चोर होते तेव्हा ती माझी पोर होती. आता ती तुमची झाली?"

शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघू लागले.

"फोटो नाही मिळायचा," ती म्हणाली आणि उठली.

कोपरापर्यंत हात धुऊन तिने अंगरखा, मुखपट्टी, हातमोजे चढवले. आतल्या निर्जंतुक खोलीत चेहऱ्याला हात लावायची मनाई होती. डोळ्यांतलं पाणी गालांवरून मुखपट्टीत झिरपत राहिलं. हात खाली, कुप्यांवर, न थरथरता चालले होते.