वरची फणी

माल पाठवणारा

काकी. खरं नाव मूळ कागदावर आहे, कारखान्यात ते कुणी वापरत नाही. पत्र्याच्या छपराखाली काकी, तिची पुतणी आणि चार बायका लाकडी फण्या करतात. पुतणीला सगळे रेडिओ म्हणतात. का, ते तिला भेटल्यावर पाच मिनिटांत कळतं.

कागद भरणारी मी. निर्यात मदत केंद्रात नोकरीला आहे. छोट्या कारखान्यांचा माल परदेशी पोचावा म्हणून त्यांना फॉर्म, पॅकिंग, लेबलं शिकवते. तीन महिने काकीला शिकवत होते. निदान माझा तसा समज होता.

घेणारा

समुद्रापलीकडचा एक दुकानदार. ही काकीची पहिली परदेशी ऑर्डर. आजचंच जहाज गाठायचं. पुढचं तीन आठवड्यांनी, तोवर त्याचा हंगाम संपणार आणि ऑर्डर रद्द. हिच्यासाठी काकीने नेहमीच्या व्यापाऱ्याला चार महिने नाही म्हटलं. तो आता दुसरीकडून घेतो.

मालाचे वर्णन

लाकडी फणी. चाळीस खोकी, खोक्यात दहा पुडे, पुड्यात एक डझन.

निव्वळ वजन

१९२ किलो.

बंदरावरच्या गोदामात खोक्यांचं वजन वजा करून काटा २०८ दाखवत होता.

"सोळा किलो जास्त," कस्टमचे साहेब म्हणाले. "आत आणखी काय घातलंय?"

"काही नाही साहेब, फण्याच," मी म्हणाले.

"मग फण्या काय वाटेत बाळंत झाल्या?"

रेडिओ फिस्सकन हसली. मी तिला डोळ्यांनीच दटावलं. साहेबांनी एक पुडा फोडला, मोजला. तेरा. दुसरा फोडला. तेरा.

"तेराच असणार," काकी म्हणाली. "बारा आणि वरची."

"वरची म्हणजे?"

"डझनावर एक वरची असतेच." मग माझ्याकडे वळून, "तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं. मी एक फणी काट्यावर ठेवली होती. चाळीस ग्रॅम. ऑफिसात बसून तिला ४,८०० ने गुणलं होतं. भरलेलं खोकं एकदाही तोललं नव्हतं.

नग

~~४,८००~~

"न दाखवलेला माल झाला हा," साहेब म्हणाले. "चार वाजता कंटेनर बंद होतो. एक तर पुडे फोडून जास्तीच्या काढा, नाहीतर त्या वेगळ्या दाखवा. फुकट देताय तर फुकट म्हणून. घेणाऱ्याची लेखी संमती लागेल."

सव्वाबारा वाजले होते. परदेशात अजून पहाटही नसेल.

"काढूया काकी," मी म्हणाले. "तिघी बसलो तर होईल."

"दिलेली परत घ्यायची?"

"अजून कुठे दिलीय? खोक्यातच आहे."

"पुडा बांधला की दिली." ती सुतळीवरून अंगठा फिरवत राहिली. "पण जहाज गेलं तर गेलं, असंही म्हणवत नाही गं. मागे चार बायका आहेत. काढायच्याच असतील तर मी काढते. तुम्हाला सापडायच्या नाहीत."

"सापडायचं काय त्यात, मावशी?" साहेब म्हणाले. "कुठलीही एक काढली की झालं."

"कुठलीही कशी? वरची मी करते."

यावर रेडिओ सुरू झाली. बारा फण्या बायका यंत्राच्या करवतीवर कापतात. वरची काकी हाताने कापते, सकाळी बायका यायच्या आधी, रोज चार. चार महिन्यांत चारशे. आम्ही सांगून दमलो, ऐकेल तर शपथ.

"हाताने केलेली असेल तर फॉर्मवर वेगळी ओळ लागेल," साहेब म्हणाले. "पण ते मला दिसायला हवं." त्यांनी दहा पुडे टेबलावर ओतले आणि ढीग कालवला. एकशे तीस फण्या. "काढा."

काकीने चष्मा काढून पर्समध्ये टाकला. "मधे मधे येतो मेला." हात ढिगात घातला आणि पुतणीला विचारलं, "निघताना मोटर बंद केली होतीस ना?"

"केली."

"नक्की?" एक फणी बाहेर. "मागच्या वेळीही नक्कीच म्हणाली होतीस." दुसरी. तिसरी. बोटं दातांच्या बुडाशी क्षणभर थांबत आणि पुढे जात. ती टेबलाकडे बघतही नव्हती. दहा फण्या निघाल्यावर हात आपोआप थांबले.

साहेबांनी भिंग काढलं. दातांच्या बुडाशी हातकरवतीची केसाएवढी तिरकी रेघ. दहाही फण्यांवर. मग उरलेल्या एकशेवीस त्यांनी एकेक करून तपासल्या. पाऊण तास लागला. एकीवरही रेघ नव्हती. ते खुर्चीत टेकले.

या फण्या मी शेकडो वेळा हाताळल्या होत्या, फोटो काढले होते. या बाईला 'एकसारखा माल कसा ओळखावा' यावर दोन तास बोलले होते. ती मान डोलवत ऐकत होती, मधे चहाही केला होता.

फुकट देण्याचे कारण

असा रकाना खरंच असतो. त्यात नमुना, बदली, जाहिरात, इतर. 'इतर'पुढे तीस अक्षरांची जागा.

"काय लिहू, मावशी?"

"घेणाऱ्याच्या घरात एक जण मोजायचा राहतोच," काकी म्हणाली. "त्याच्यासाठी."

साहेबांनी टाइप केलं. मावेना. खोडलं. पुन्हा केलं: *मोजायचा राहिला त्याच्यासाठी.* बसलं.

घेणाऱ्याची संमती

अडीचला फोन लागला. पलीकडचा आवाज झोपेतला. मी सगळं सांगितलं. तो हसू लागला. मी फोनवर हात ठेवून काकीला सांगितलं, "नमुन्याच्या पुड्यातही तेरा निघाल्या होत्या म्हणतोय. त्याला वाटलं यांना मोजता येत नाही. भीत भीतच ऑर्डर दिली."

"त्याला म्हणावं, मोजता येतं म्हणूनच तेरा."

तीन वाजून दहा मिनिटांनी त्याची ईमेल आली. चाळीस खोकी कंटेनरच्या एका कोपऱ्यात मावली, दुसऱ्या कुणाच्या टोपल्या आणि कुणाच्या पोत्यांशेजारी. पावणेचारला दार लागलं, सील बसलं.

जहाजाचे नाव

नाव मी भरलं होतं. जहाज पाहिलं नव्हतं. नऊ वर्षांच्या नोकरीत गोदामाच्या खिडकीपुढे कधी गेले नाही. साहेबांनीच आम्हाला गच्चीवर नेलं.

समोर लोखंडाची भिंत उभी होती. ती कुठे संपते ते बघायला मान वळवावी लागली. वर कंटेनर रचलेले, काडेपेट्यांसारखे. त्यांच्यातून चालणारी माणसं तिळाएवढी. रेडिओ बंद पडली.

काकी ओळी मोजू लागली. अकराव्या ओळीला चुकली, पुन्हा पहिल्यापासून. मग सोडून दिलं.

"एवढ्या सगळ्यांत कुणाकुणाचं काहीतरी असेल?"

"हो."

"आणि ते पाण्यावर राहतं."

क्रेनने एक लाल कंटेनर उचलला. तो हवेत सावकाश फिरला.

"आपला?"

"माहीत नाही, काकी."

तो खाली टेकेपर्यंत आम्ही तिघींनी श्वास रोखून धरला. मग क्रेन परत आली, दुसरा उचलला, आणि त्याच्यासाठीही धरला.